‘आमचा मुलगा अगदी गाय आहे’ या वाक्यात काय चुकते

यावल तालुक्यातील एका २८ वर्षांच्या तरुणाने मला विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. त्याने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील पाइपच्या कारखान्यात तो नोकरी करतो आणि घरी वडील व थोरला भाऊ केळीची बाग पाहतात. तीन वर्षांत अकरा स्थळे झाली, त्यांपैकी नऊ ठिकाणी मुलीकडून नकार आला. त्याआधी एका ॲपवरून ओळख झालेल्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीशी दीड वर्ष मैत्री होती; ‘तू फार चांगला आहेस, पण मला तुझा आधार वाटत नाही’ असे सांगून ती दूर झाली. मित्र म्हणतात की मुलींना मऊ पुरुष आवडत नाही, थोडा धाक लागतो. मोबाइलवर तो जे व्हिडिओ पाहतो, त्यांतही हेच सांगितले जाते. त्याने विचारले आहे की आपण स्वभाव बदलून कडक व्हावे का, आणि शेवटी, पुण्याच्या त्या मुलीबद्दल पुढच्या स्थळाला सांगावे का.

मी जळगावात २२ वर्षे लग्नाआधीचे आणि लग्नानंतरचे समुपदेशन करते. तुमच्या प्रश्नाच्या आशयाची पत्रे मला नेहमी येतात, पण तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यावर मी थांबले. तुम्ही लिहिले आहे, ‘पाहण्याच्या कार्यक्रमात मी फारसे बोलत नाही, वडीलच सगळे बोलतात, ते बरे दिसते.’ माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर याच वाक्यात दडलेले आहे.

आपल्याकडचा पाहण्याचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. पोहे येतात, चहा येतो, मुलीला शिक्षण विचारले जाते, स्वयंपाक येतो का विचारले जाते. मुलाकडे किती एकर, किती केळीचे खोड, पुण्याला किंवा नाशिकला घर आहे का, ही चौकशी मुलीचे वडील आणि मामा करतात आणि उत्तरे मुलाचे वडील देतात. मग मुलाचे काका कौतुकाने म्हणतात, ‘आमना पोऱ्या गाय शे, कोणाले उलटा शब्द नही.’ आपल्या घरात ही स्तुती समजली जाते. समोर बसलेली मुलगी हे वाक्य कसे ऐकते, याचा विचार त्या खोलीत कोणी करत नाही. नकार देऊन आलेल्या आणि घरच्यांच्या दबावाने माझ्यापर्यंत पाठवल्या गेलेल्या मुलींशी मी बोलले आहे. त्यांच्या बोलण्याचे सार असे असते: लग्नानंतर सासूबाईंशी किंवा जावेशी माझे मतभेद झाले, मला नोकरी सुरू ठेवायची झाली, माहेरी आईच्या आजारपणात पंधरा दिवस राहावे लागले, तर हा माणूस काय म्हणेल हे मला त्या अर्ध्या तासात कळलेच नाही, कारण त्याने काही म्हटलेच नाही. ज्याला कोणालाच उलटा शब्द बोलता येत नाही, तो माझ्या बाजूने तरी शब्द कसा बोलेल, ही त्यांची शंका असते आणि ती रास्त आहे.

पुण्याच्या मुलीने वापरलेला ‘आधार’ हा शब्दही मला याच अर्थाचा वाटतो. तुम्ही लिहिले आहे की कुठे भेटायचे, काय खायचे, पुढे काय करायचे, हे सगळे तुम्ही तिच्यावर सोपवत होता आणि घरी सांगण्याचा विषय आला की ‘बघू, दादाशी बोलतो’ म्हणत होता. दीड वर्षात दादाशी बोलणे झाले नाही. तुम्ही याला मऊपणा म्हणता. मला तो निर्णय टाळणे वाटतो, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस चुकीच्या दुरुस्तीला लागतो. मऊ माणूस प्रेमळ असतो, ऐकून घेतो, आवाज चढवत नाही. यातले काहीही कोणत्याही मुलीला दूर लोटत नाही. टाळणारा माणूस मात्र नात्यातले सगळे अवघड काम दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो, आणि काही महिन्यांतच दुसऱ्याला ते ओझे जाणवू लागते. अशा वेळी आकर्षण हळूहळू ओसरते, कारण जिला सतत दोघांच्याही वतीने ठरवावे लागते, तिला आपण जोडीदाराबरोबर आहोत असे न वाटता लहान भावाला सांभाळत आहोत असे वाटू लागते.

तुमचे मित्र जे औषध सुचवत आहेत, ते मी गांभीर्याने घेते, कारण त्या औषधाचे परिणाम भोगणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. त्या व्हिडिओंमधला ‘अल्फा पुरुष’, म्हणजे सगळ्यांवर वर्चस्व गाजवणारा पुरुष, हा शब्द लांडग्यांच्या अभ्यासातून पसरला. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची झुंज आणि चढाओढ नोंदवली, आणि अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना सर्वत्र गेली. पुढे मीच यांनी मोकळ्या रानात वर्षानुवर्षे लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिले की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते. पुढे चालणारे नर आणि मादी हे बाकीच्यांचे आईबाप असतात, मारामारी करून ते वर आलेले नसतात. ज्यांनी शब्द पसरवला, त्यांनीच तो मागे घेतला, आणि आपली तरुण मुले मात्र अजून त्यावर स्वतःचा संसार उभा करू पाहत आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुलींना नेमका कसा पुरुष हवा असतो, याला एकच एक उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तरीही जे अभ्यास झाले आहेत त्यांतून काही दिशा मिळते. डेव्हिड बस या मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ३७ समाजांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या जोडीदाराविषयीच्या अपेक्षा प्रसिद्ध केल्या. स्त्रियांनी पुरुषांपेक्षा कमाईच्या क्षमतेला जास्त महत्त्व दिले आणि पुरुषांनी स्त्रियांपेक्षा रूपाला व तारुण्याला, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. पण दयाळू, समजूतदार आणि बुद्धिमान जोडीदार हवा, ही अपेक्षा दोघांच्याही यादीत अगदी वर होती. दहा वर्षांनी ॲलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी त्याच माहितीची पुन्हा तपासणी केली, तेव्हा असे दिसले की ज्या देशांत स्त्रीपुरुष समानता अधिक आहे, तिथे कमाईच्या अपेक्षेतला हा फरक कमी होतो. याचा अर्थ आपल्या भागापुरता मी असा लावते की ज्या मुलीला स्वतःचा पगार मिळण्याची खात्री नसते, तिच्या घरचे लोक मुलाचा सातबारा आणि पगारपत्रक बारकाईने पाहणारच. तो लोभ नसून विम्याचा हप्ता आहे. म्हणून ‘आजकालच्या मुलींना फक्त पैसा आणि पुणे हवे’ ही तक्रार पारावर बसून करण्याआधी, आपल्या घरात सुनेने कमावलेला पैसा कोणाच्या खात्यात जातो, हे प्रत्येकाने पाहावे.

नकारांच्या संख्येबद्दलही बोलले पाहिजे, कारण नऊ नकारांनंतर माणूस स्वतःतच खोट शोधू लागतो. जळगाव जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात १००० मुलग्यांमागे ८८० मुली होत्या आणि २०११ मध्ये तो आकडा ८४२ वर आला. त्याच वर्षी बहुतांश आदिवासी वस्तीच्या नंदुरबार जिल्ह्यात तो ९४४ होता. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, आणि तो १९९६ पासून लागू होता. म्हणजे यातले बहुतेक कायदा असताना घडले. तुमचा जन्म साधारण १९९७ चा, तेव्हा २००१ च्या त्या गणतीत तुम्ही स्वतः मोजले गेला आहात, आणि तुमच्याहून चार-सहा वर्षांनी लहान मुलींमध्ये स्थळ पाहायचे तर ती तूट आणखी वाढलेली असणार. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्या आज परिचय मेळाव्यात कुठून येतील? ज्या आल्या, त्या शिकल्या आणि त्यांना प्रथमच निवडीची संधी मिळाली. आपल्या वडिलांच्या पिढीने जे केले त्याचे मोल तुमची पिढी मोजते आहे. हे तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही. नऊ नकारांतले काही नकार तुमच्या स्वभावाशी अजिबात संबंधित नाहीत, हे तुम्हाला कळावे म्हणून सांगते.

आता धाकाविषयी. माझ्याकडे येणाऱ्या विवाहित मुलींची संख्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास वाढते. त्या माहेरी आलेल्या असतात, झोक्यावर मैत्रिणी भेटतात, जे सासरी बोलता येत नाही ते इथे बोलले जाते आणि मग एखादी मावशी त्यांना घेऊन येते. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे नवरे लग्नाआधी तुमच्यासारखेच शांत होते. लग्न झाल्यावर कोणीतरी ‘बाईलवेडा झालास’ म्हटले, कोणी ‘बायकोच्या मुठीत गेला’ म्हटले, आणि त्या एका शब्दाच्या भीतीने त्यांनी घरात आवाज चढवायला सुरुवात केली. मोबाइल तपासणे, पासवर्ड मागणे, ‘कोणाचा फोन होता’ हे दहा वेळा विचारणे, भाजीला जायचे तरी परवानगी. यातल्या एका मुलीने मला सांगितले होते की तिचा नवरा सासऱ्यांसमोर मान वर करून बोलत नाही, कारखान्यातल्या साहेबासमोर बोलत नाही, उसाच्या पैशांसाठी दोन वर्षे दमवणाऱ्या माणसासमोर बोलत नाही आणि दाराची कडी लावली की तिच्यावर मात्र ओरडतो. ती म्हणाली, ‘मॅडम, मला त्याची भीती वाटते, पण आदर वाटत नाही.’ हे वाक्य मी कधी विसरू शकले नाही.

कणखरपणा आणि दांडगाई यांतला फरक मला या मुलीमुळे नीट मांडता आला. माणसाचा ठामपणा कोणाच्या समोर उभा राहतो, यावरून तो ठामपणा कोणत्या प्रकारचा आहे ते कळते. वरच्यासमोर नरम आणि खालच्यासमोर गरम राहणे याला आपल्याकडे पुरुषीपणा म्हणण्याची सवय लागली आहे, पण स्त्रीला त्यात ताकद दिसत नाही, तिला त्यात भित्रेपणा दिसतो, कारण ती हे घरातून, अगदी जवळून पाहत असते. उलट जो मुलगा वडिलांचा मान राखून, आवाज न चढवता, ‘अप्पा, हे मी ठरवले आहे आणि त्याची जबाबदारी माझी’ असे म्हणू शकतो, आणि तोच बायकोचे म्हणणे पटले तर ‘तुझे बरोबर आहे, मी बदलतो’ असेही म्हणू शकतो, त्याच्याबद्दल बायका माझ्यासमोर ज्या आवाजात बोलतात तो आवाजच वेगळा असतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३० नवविवाहित जोडप्यांचा काही वर्षे पाठपुरावा करून १९९८ मध्ये लिहिले की जे नवरे बायकोच्या मताचा स्वतःवर परिणाम होऊ देत होते, त्यांचे संसार टिकण्याची आणि सुखाचे होण्याची शक्यता अधिक होती. अमेरिकेतला अभ्यास खानदेशाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मी जाणते, पण माझ्या खोलीतला अनुभव याच्याविरुद्ध नाही.

घरकामाचा मुद्दा तुम्ही एका ओळीत संपवला आहे: ‘मला घरातले काही येत नाही, पण मी शिकेन असे मुलींना सांगतो.’ हे सांगून भागत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि हे ९७ मिनिटेही केवळ त्या पुरुषांचे, जे असे काम मुळात करतात. तसे पुरुष शंभरात २६ होते, स्त्रिया ८१. नोकरी करणारी मुलगी हे गणित सर्वेक्षण न वाचता आईकडे पाहून शिकलेली असते. हिवाळ्यात आपल्याकडे शेतात भरिताचा बेत होतो, तेव्हा काय होते ते आठवा. पुरुष मंडळी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, सोलतात, ठेचतात, मिरची-लसूण वाटतात, कांद्याच्या पातीसकट फोडणी देतात, कळण्याच्या पुऱ्या तळायलाही दोघेतिघे बसतात. पन्नास माणसांचा स्वयंपाक ते हसत करतात आणि त्यांना कोणी बायल्या म्हणत नाही. तीच माणसे घरी आल्यावर पाण्याचा पेला स्वतः भरून घेत नाहीत. म्हणजे अडचण हाताला येते की नाही ही नाही, आणि पुरुषाने चुलीजवळ जाऊ नये अशी श्रद्धाही नाही. रोजच्या, कोणी न पाहणाऱ्या, कोणी कौतुक न करणाऱ्या कामात आपला हिस्सा आहे असे आपण मानत नाही, एवढीच अडचण आहे. तुम्ही जळगावला खोली घेऊन राहता ना? मग डबा बंद करा आणि तीन महिने स्वतः वरण, भात, एक भाजी आणि भाकरी करा. मुलीला दाखवण्यासाठी करू नका. तिच्याशी बोलताना घरकाम हा उपकाराचा विषय न राहता तुमच्या दिवसाचा भाग झालेला असेल, आणि हा फरक बोलण्यातून आपोआप कळतो.

पुरुषाने रडू नये, दुखले तर सांगू नये, हेही तुमच्या पत्रात ओळींच्या मध्ये दिसते. पुण्याची मुलगी गेल्यावर तुम्ही आठ महिने कोणाशीही बोलला नाहीत, रात्रपाळी मागून घेतलीत आणि वजन उतरले, असे तुम्ही लिहिले आहे. हे दुःख खरे होते आणि त्याला जागा मिळायला हवी होती. जो स्वतःच्या दुःखाचे नाव घेऊ शकत नाही, तो दुसऱ्याच्या दुःखाजवळ बसायलाही घाबरतो. बायको रडू लागली की तो एकतर उपाय सांगतो नाहीतर चिडतो. एखाद्या जवळच्या मित्राला, तोही धाकाचे सल्ले न देणारा असेल असा पाहून, ही गोष्ट एकदा पूर्ण सांगा. झोप आणि भूक अजूनही नीट नसेल, तर सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाऊन या; त्यात कमीपणा काही नाही.

पुढच्या स्थळाच्या वेळी काय करायचे, ते स्पष्ट सांगते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वडिलांजवळ बसा आणि सांगा की शेतीची आणि देण्याघेण्याची चर्चा तुम्ही करा, पण माझ्या नोकरीविषयी, कुठे राहणार याविषयी आणि बायकोच्या नोकरीविषयी मी स्वतः बोलेन. बहुतेक वडील थोडे चपापतात आणि नंतर मनातून सुखावतात, असा माझा अनुभव आहे. मुलीशी निदान तासभर, घराबाहेर, कोणी कान देऊन बसलेले नसताना बोलायला मिळावे अशी मागणी करा आणि ती मिळेपर्यंत होकार-नकार कळवू नका. त्या तासात तिला प्रश्न विचारा आणि उत्तर ऐकल्यावर त्यावरच पुढचा प्रश्न विचारा. मुलाखत घेतल्यासारखी यादी वाचू नका. तुमचे जे ठरलेले आहे ते सांगा आणि जे ठरलेले नाही ते ‘अजून ठरलेले नाही’ असेच सांगा. तिला आवडावे म्हणून पुण्याला बदली घेण्याचे खोटे आश्वासन देऊ नका. हुंड्याचा विषय, तो ‘हौसेने देतात ते घेऊ’ या रूपात आला तरी, तुमच्या तोंडून सर्वांसमोर नाकारला जाऊ द्या. १९६१ पासून तो गुन्हा आहे हे कारण पुरेसे आहेच, पण त्या क्षणी मुलगी तुमच्याकडे पाहत असते आणि तुमचा ठामपणा कोणासमोर उभा राहतो हे तिला पहिल्यांदा दिसते. तिने नकार दिला, तर तो एका वाक्यात स्वीकारा, कारण विचारत तिच्या फोनवर संदेश पाठवत राहू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न पुण्याच्या मुलीबद्दलचा. हो, सांगावे, पण पहिल्या भेटीत पोह्यांच्या ताटाशेजारी नाही. दोघांनाही पुढे जावेसे वाटते आहे असे दिसले की, साखरपुड्याची बोलणी सुरू होण्याआधी, तुम्ही स्वतः सांगा. दीड वर्ष ओळख होती, लग्नाचा विचार होता, मी घरी बोलण्याचे टाळत राहिलो आणि ती गेली, एवढे सांगणे पुरे आहे. त्या मुलीचे नाव, गाव, फोटो, संदेश यांतले काहीही देऊ नका, कोणी मागितले तरी. ती तिची खाजगी बाब आहे. आणि समोरची मुलगीही तिच्या आयुष्यातले असे काही सांगेल, तेव्हा तुमचा चेहरा तसाच राहू द्या, जसा तिचा राहावा असे तुम्हाला वाटत होते. मात्र हे सगळे करण्याआधी दादाशी जे बोलणे दीड वर्ष राहून गेले, ते या रविवारी करा. त्या मुलीसाठी आता उशीर झाला आहे, तरीही दादाला हे कळू द्या की असे काही होते आणि तुम्ही बोलला नाहीत. कदाचित तो रागावेल, कदाचित म्हणेल की सांगायचे होतेस. त्याने काही म्हटले तरी तुम्ही घरातल्या मोठ्या माणसासमोर स्वतःचे एक खरे वाक्य बोलून आलेले असाल, आणि पुढच्या स्थळाला जाताना तो सराव तुमच्याजवळ असेल.